मागच्या सीटवरच्या आजी

आमची गाडी बंद पडली ती सावळघाटात, शनिवारी सकाळी पावणेअकरा वाजता. वेळ मी नक्की सांगू शकते. पिंपळगावच्या एका पॅकहाऊसमध्ये मी द्राक्षांचे नमुने तपासते. काहीही झालं की आधी घड्याळ बघायचं, ही सवय तिथलीच.

बरोबर आप्पा होते. माझे वडील, मोतीराम. सगळी नोकरी त्यांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडण्यात घालवली. आता वय बाहत्तर. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी त्यांना स्टिअरिंगला हात लावू देत नाही, म्हणून ते शेजारी बसून तोंडाने गाडी चालवतात. ‘दुसरा टाक.’ ‘त्याला जाऊ दे पुढं.’ ‘हॉर्न कशाला ठेवलाय?’ पेठला त्यांचे जुने जोडीदार नवनाथकाका आजारी होते, त्यांना बघायला आम्ही पंचवटीतून निघालो होतो.

श्रावणातली भुरभुर होती. घाट लागला तसं धुकं उतरलं, आणि तिसऱ्या वळणानंतर डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला. पाठोपाठ स्टिअरिंग दगडासारखं जड झालं.

“बेल्ट गेला,” आप्पा शांतपणे म्हणाले. “डावीकडं घे. गाडी गरम व्हायच्या आत बंद कर.”

मी कठड्याला लागून गाडी उभी केली, चारही इंडिकेटर चालू केले, डिकीतून लाल त्रिकोण काढला आणि पन्नास पावलं मागे जाऊन ठेवला. परत वळून पाहिलं तर गाडी दिसतच नव्हती, नुसते दोन पिवळे ठिपके उघडमीट करत होते. हे चांगलं नव्हतं, मला कळत होतं. पण बाहेर गारठा होता, आप्पांचे गुडघे दुखत होते, म्हणून काचा लावून आम्ही आतच बसलो. मी विम्याच्या मदत क्रमांकावर फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

“नमस्कार, मी उज्वला बोलतेय. आधी सांगा, कुणाला लागलंय का?”

आवाज तरुण आणि स्वच्छ होता. मी ठिकाण सांगितलं, गाडीचा नंबर दिला.

“मॅडम, गाडीत बसू नका. धुक्यात मागून येणाऱ्याला तुम्ही दिसणार नाही. डाव्या दारानेच उतरा, कठड्यापलीकडे जा, आणि गाडीपासून थोडं मागच्या बाजूला उभे राहा. टो करणारी गाडी तासाभरात येईल. तिघंही चालू शकता ना?”

“दोघं आहोत आम्ही.”

मग ती म्हणाली, “बरं. पण आजींना आधी उतरवा, त्यांना वेळ लागेल.”

“कोण आजी?”

“मागच्या सीटवरच्या.”

मी मागे पाहिलं. सीटवर माझी निळी छत्री होती, बाकी काही नाही. काचेवर आतून वाफ धरली होती. तिचा काहीतरी गोंधळ झालाय, दुसऱ्या कुणाचा फोन जोडला गेलाय, असं मी धरलं आणि आप्पांना म्हणाले, “चला, उतरा.”

ते उतरले. त्यांच्यामागून सीटवरून सरकत मीही डावीकडून उतरले. कठड्याच्या खांबांमध्ये एक फट होती, पलीकडे खोलीएवढी सपाट जागा. गवत गुडघाभर, ओलं गच्च. मी आप्पांचा हात धरून त्यांना पलीकडे नेलं, गाडीपासून मागे दहा-बारा पावलांवर उभं केलं, आणि त्यांच्या डोक्यावरून माझी ओढणी गुंडाळली.

“फोनवरची बाई म्हणत होती ते?” आप्पांनी विचारलं.

“चुकून म्हणाली असेल हो.”

ते गाडीकडे बघत राहिले. मग माझा हात सोडवून चालायला लागले.

“आप्पा!”

“आलो.”

मी त्यांच्यामागे जायला हवं होतं. मी कठडा धरून उभी राहिले. धुक्यात ते पुसट झाले होते, पण दिसत होते. त्यांनी मागचं डावं दार उघडलं. जरा वाकले. पुढे केलेला हात तसाच धरून थांबले.

“चला,” ते कुणाला तरी म्हणाले. “सावकाश. खाली बघून पाय टाका.”

माझी छत्री आतच राहिली होती. ती त्यांनी घेतली नाही. दार लावलं आणि निघाले. येताना त्यांची चाल वेगळी होती. एक पाऊल टाकायचं, थांबायचं, मग दुसरं. उजवं कोपर दुमडलेलं होतं आणि तो खांदा खाली गेला होता, कुणी भार टाकल्यावर जातो तसा.

कठड्याच्या फटीत ते बाजूला झाले. आधी वाट दिली. मग स्वतः आले.

“आप्पा, काय करताय?”

“थांब जरा.”

तेवढ्यात वरून, वळणाच्या मागून, इंजिनाचा आवाज आला.

पिकअप दिसली तेव्हा ती त्रिकोणावरून गेलेली होती. ब्रेक किंचाळले. ओल्या रस्त्यावर ती आडवी होत आली आणि आमच्या गाडीच्या मागच्या भागात घुसली.

मग क्रेट पडत राहिले. एकामागून एक.

सगळं थांबलं तेव्हा रस्ताभर टोमॅटो घरंगळत होते. आमच्या गाडीची डिकी पुढच्या सीटला टेकली होती. मधे मागची सीट अशी काही उरलीच नव्हती.

पिकअपचा ड्रायव्हर धडपडत खाली उतरला. कपाळाला थोडं खरचटलं होतं, बाकी धड होता. तो आमच्याकडे न येता आधी आमच्या गाडीच्या मागच्या दाराशी गेला आणि दोन्ही हातांनी ते ओढायला लागला.

“मागं कुणी होतं का? सांगा ना, कुणी होतं का?”

“होतं,” आप्पा म्हणाले. “उतरवलंय.”

तो रस्त्यातच खाली बसला आणि रडायला लागला. आप्पांनी त्याला हाताला धरून कठड्यापलीकडे आणलं. त्याची पाठ थोपटत राहिले.

टो करणारी गाडी बाराला आली. तिच्या ड्रायव्हरचं नाव मल्हारी. जाडजूड, बोलका माणूस. पिकअपवाल्याच्या मालकाशी तोच फोनवर बोलला, रस्त्यावरचे क्रेट बाजूला करायला मदत केली, आमची गाडी साखळीने वर ओढून घेतली. मग केबिनचं दार उघडून म्हणाला, “बसा दाटीनं. आजींना मधी घ्या, लय भिजल्यात.”

मी आप्पांकडे पाहिलं. ते आधी चढले आणि पार मल्हारीच्या बाजूला सरकले. मी दाराशी बसले. केबिन लहान होती, तरी आमच्या दोघांत वीतभराहून जास्त जागा राहिली. नाशिक येईपर्यंत माझी उजवी बाजू गार पडली होती, आणि केबिनमध्ये डिझेलच्या वासाबरोबर ओल्या लुगड्याचा, चुलीच्या धुराचा वास होता. सलवार उजव्या मांडीवर चिंब झाली होती. डावीकडे दाराच्या फटीतून पाऊस येत होता आणि ती बाजू मात्र जवळजवळ कोरडी होती. हे मी आज लिहून ठेवतेय, कारण त्याचं काय करायचं ते मला कळलेलं नाही.

पेठ नाक्यावर आप्पा म्हणाले, “जरा बाजूला घ्या.” मला उतरायला लावलं, स्वतः उतरले, पुन्हा तसाच हात पुढे केला.

“आलं नाशिक. जपून जा हं,” म्हणाले, आणि क्षणभर थांबून परत चढले.

मल्हारीने गाडी सुरू केली. आरशात दोनदा पाहिलं.

घरी मी चहा केला. आप्पांच्या पायांना तेल चोळता चोळता शेवटी विचारलंच.

“आई होती का?”

आईला जाऊन चार वर्षं झाली.

आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “नाही गं. तुझ्या आईला मी ओळखलं नसतं का? तिचा हात असा नव्हता. हा लई खरबरीत होता, शेतात राबलेला.”

“मग कोण?”

“काय माहीत. पण म्हातारं माणूस आत बसलंय म्हटल्यावर ठेवून कसं यायचं, चैताली?”

मी तेल चोळत राहिले. त्यांचे पाय अजून गारच होते.

मदत क्रमांकावरून पुन्हा फोन आला तो मंगळवारी, दुपारी साडेबाराला. मी रजेवर होते. आप्पा नवनाथकाकांकडे बसने गेले होते. मी नको म्हणत असताना गेले. घरात मी एकटी.

“मॅडम, मी उज्वला. मदत वेळेवर मिळाली का, एवढंच विचारायचं होतं. सगळे बरे आहात ना?”

“बरे आहोत. तुमच्यामुळे,” मी म्हणाले. ते मनापासून होतं. मग विचारलं, “उज्वलाताई, त्या दिवशी मागे आजी आहेत हे तुम्हाला कसं कळलं?”

“अहो, ऐकू येत होत्या ना! तुम्ही बोलत होता आणि मागून त्या सारखं म्हणत होत्या, ‘पोरीला उतरवा, पोरीला उतरवा.’ स्वतःचं काहीच नाही. मला माझी आजीच आठवली.”

माझे डोळे भरून आले. कुणासाठी, ते सांगता येणार नाही.

“फार माया आहे हो त्यांची,” उज्वला हसून म्हणाली. “जा तुम्ही, मी ठेवते. त्या केव्हाच्या बोलावताहेत.”

“कोण?”

“आजी. ताट वाढलंय म्हणताहेत. गार होतंय.”

मी अजून कणीकही भिजवली नव्हती. फोन कानाशीच होता, आणि स्वयंपाकघरात कुणीतरी ओट्यावर पाण्याचा तांब्या हलकेच ठेवला.