चंदेरी फ्रॉकमधलं पोट

सांगते. त्या सोमवारी मी होबार्टच्या म्युझियममध्ये गेले ती एका उसवत्या शिवणीसाठी. मेरिनचा, माझ्या जुळ्या बहिणीचा, चंदेरी फ्रॉक तिथल्या जुन्या फॅशनच्या प्रदर्शनात मांडला होता. ऐन विशीत ती तो घालून टीव्हीवर गाण्यांच्या कार्यक्रमात नाचायची.

या हिवाळ्यात मेरिन गेली. मी रडले नाही. तेव्हापासून चहानं जीभ भाजली तरी कळायचं नाही. वजन मात्र असं उतरलं, की जीन्स हातानं धरून चालायची वेळ आली. आयुष्यभर डाएट करून जे जमलं नाही, ते फुकटात जमलं!

सोमवारी म्युझियम बंद असतं; ऑडेटनं मला बोलावून आत घेतलं होतं. रंग उडू नयेत म्हणून आत अंधारच असतो. माणूस जवळ आलं की वरचा दिवा लागतो. माझ्यासाठी एकही लागेना.

"चाळिशी उलटली की दिवेसुद्धा बघत नाहीत," मी म्हटलं.

"बिघडलेत गं," ऑडेट म्हणाली. कपड्यांची देखभाल तिच्याकडे. ती पुढे झाली तसे दिवे लागत गेले.

फ्रॉकवरचा दिवा मात्र आम्ही पोचायच्या आधीपासूनच लागलेला होता.

जवळ गेले आणि हेअरस्प्रेचा वास आला. मेरिनचा.

"धुतला नाहीस?"

"आम्ही कधीच धूत नाही. घामसुद्धा जपून ठेवतो." मग तिचा आवाज उतरला. "ब्रॉनी, आम्ही आतल्या दांड्यावर कापूस चढवून कपड्याच्या मापाचं धड बनवतो. शिवण ताणायला लागली म्हणून मी कापूस काढला. पुन्हा ताणली, पुन्हा काढला. आता आत… नुसता दांडा आहे."

मी वाकून खालून पाहिलं. दांडा, आणि त्याच्याभोवती काळोख. बाहेरून मात्र फ्रॉक टच्च भरलेला. गोल पोट, त्याखाली सिझेरियननंतर पडते तशी वळी. डावी कंबर जरा वर उचललेली. त्याच कंबरेवर मी लेकीला वागवलं होतं.

मेरिनला मूल नव्हतं.

"बघ, माझं वजन इथे येऊन बसलंय," मी म्हटलं. ऑडेट हसली नाही.

"फाटेल गं आता. घरी नेतेस, की टाका घालू?"

"घाल."

तिनं सुईत दोरा ओवला आणि कंबरेपाशी सुई खुपसली.

"आई गं!"

ओरडले मी. शर्टाखाली हात घातला, तर बोटाला रक्त. ऑडेट पांढरीफटक पडली होती. आणि माझ्या डोळ्यांतून, एवढ्या महिन्यांनी, पाणी यायला लागलं. कढत. कढत आहे हे कळलं, बाई!

"अजून एक घाल," मी म्हटलं.

"नको ब्रॉनी…"

"घाल ना गं. दुखतंय मला."

"कुणाला तरी… बोलावते," असं म्हणत ती जवळजवळ पळालीच. तिच्या पाठोपाठ एकेक दिवा विझत गेला. मी अंधारात उभी. समोर फक्त फ्रॉकवरचा उजेड.

मी हात वर करून हलवला. माझ्यावरचा दिवा लागला नाही.

समोरची रिकामी बाही तेवढी वर उचलली गेली.