तुर्की भाषेतला निरोप

"माझ्या मुलीला पळवलंय, आणि तिचा बाप म्हणतो, शोधू नका."

एवढं बोलून बाई खुर्चीत बसल्याच. भावोजींनी पाणी आणलं, निम्मं स्वतःच्याच चपलेवर सांडलं.

वहिनी खासगी गुप्तहेर. भावोजी त्यांचे धाकटे दीर. आधी लोकांना गाडी शिकवायचे, आता वहिनींची गाडी हाकतात आणि अधूनमधून डोकंही चालवून बघतात. ते गाडीइतकं सुरळीत चालत नाही, पण माणूस सोन्यासारखा.

बाईंचा नवरा कोशकार, सगळे त्याला मास्तर म्हणत. इंग्रजी-तुर्की शब्दकोशात त्याची हयात गेली होती. कोशाची खोली घरासमोरच, जिन्यापलीकडे. परवा दुपारी घरातला फोन वाजला तेव्हा बाई न्हाणीघरात होत्या. त्या बाहेर येईपर्यंत फोनच्या यंत्रावर कुणा पुरुषाचा निरोप उमटत होता. भाषा कळेना. त्या धावत खोलीत गेल्या. मास्तर आणि त्यांचा मदतनीस दादा टेबलाशी बसले होते, मुलगी मात्र जागेवर नव्हती. मास्तरांनी घरी येऊन निरोप ऐकला आणि अर्थ सांगितला: तुमच्या मुलीला पळवलं आहे, तिला शोधू नका.

बाईंनी यंत्र पिशवीतून आणलंच होतं. वहिनींनी ते लावलं. खर्जातला, खणखणीत आवाज. एक वाक्य, मग टक टक. दुसरं वाक्य, पुन्हा टक टक.

"ते ठोकणं काय आहे हो?" बाईंनी यंत्राकडे बोट केलं. "हातोडी आहे का? तिला मारतायत का ते? दोन रात्री मला तेवढंच ऐकू येतंय. पैसे मागत नाहीत, काही मागत नाहीत. मग हवंय तरी काय त्यांना?"

वहिनींनी मुलीच्या वस्तूंबद्दल विचारलं. बाकी सगळं जागच्या जागी होतं, फक्त जाड स्वेटर कपाटात नव्हता.

"एवढ्या उकाड्यात? पळवणारे भले दिसतात, स्वेटर घेऊ दिला," भावोजी म्हणाले, आणि वहिनींची नजर पाहून गप्प झाले.

कोशाची खोली पुस्तकांनी गच्च भरलेली होती. पोरगी बेपत्ता, तरी काम चालूच. मास्तरांची नजर अधू झालेली, त्यामुळे दादा उदाहरणाची वाक्यं मोठ्याने वाचत आणि मास्तर कानाने तपासत. एरवी दादा तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे. "चहा नको" एवढं सोडून बाईंनी त्यांच्याकडून कधी काही ऐकलं नव्हतं. पण वाचायला लागले की छाती भरून वाचत. वाक्य संपलं की टेबलावर बोटाने दोनदा ठोकत, म्हणजे मास्तरांना कळे की पुढे जायचंय. हे सगळं वाचन मुलगी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करी, शाळेत होती तेव्हापासून.

वहिनींनी आधी मास्तरांना आतल्या खोलीत गाठलं. आवाज ओळखीचा नाही, म्हणाले. तेवढ्यात भिंतीपलीकडे वाचताना दादांनी एक स्वर जरासा गिळला, तर बोलता बोलता मास्तरांनी तो इथून दुरुस्त केला. पोलिसांचं नाव काढताच मात्र त्यांचा चेहरा उतरला. मग विषय बदलून त्यांनी शब्दच समजावून दिला. इंग्रजीत 'किडनॅप' म्हणजे मुळात पोरं चोरून मजुरीला नेणं. मोठ्या माणसांना तो पुढे लागू झाला. तुर्कीत 'काचिर्मा', म्हणजे आपलं पळवणंच. कुणाला डोंगरात उचलून नेलं तर 'दाआ काल्दिर्मा', अडकवून ठेवलं तर 'आलिकोयमा'. बाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. या माणसाला आत्ता शब्द सुचतात कसे, हेच त्यांना कळेना.

दादांना विचारलं तर ते घाम पुसत राहिले. परवा काम सुरू झाल्यापासून खोली सोडली नाही, एवढंच पुटपुटले.

"वहिनी, तो दादाच," जिन्यात भावोजी कुजबुजले. "घाम बघा त्याचा."

"आवाज त्याचाच आहे. पण फोन आला तेव्हा तो मास्तरांसमोर बसला होता. बाईंनी स्वतः पाहिलंय."

"मग एक माणूस दोन ठिकाणी कसा?"

"चला, सांगते."

वहिनींनी सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं आणि यंत्र लावलं. टक टक झालं तसं दादांचं बोट आपसूक हललं. बाईंनी ते पाहिलं.

"हातोडी नाही, बाई. हे बोट आहे," वहिनी म्हणाल्या. "हा निरोप म्हणजे कोशातली उदाहरणाची दोन वाक्यं. दादांनी केव्हातरी वाचलेली, तुमच्या मुलीने मुद्रित केलेली. परवा तिनेच ती फोनवर वाजवली. ठोकणं कापायचं तिला सुचलं नाही, कारण या खोलीत ते कुणाला ऐकूच येत नाही, इतकी सवय. आणि उकाड्यात स्वेटर नेते ती थंड मुलखात राहायला निघालेली मुलगी. तिला कुणी नेलेलं नाही. ती गेली आहे."

दादांनी मान खाली घातली. "परवा काम सुरू व्हायच्या आधी मीच तिला बसमध्ये बसवून दिलं. तिकडे शिकायला जागा मिळाली होती तिला. म्हणाली, बाबांशी स्वतःच्या तोंडाने बोलले तर पाय गळतील माझे. आईला तुर्की कळत नाही, ती घाबरणार नाही. 'शोधू नका' म्हणणारी वाक्यं कोशात तेवढीच, बाबा ती ओळखतील आणि आईला नीट सांगतील. मी काही बोलायचं नाही, अशी शपथ घातली होती."

"ओळखलं होतंच त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "गिळलेला स्वर भिंतीपलीकडून पकडणारा माणूस, रोजचा आवाज आणि स्वतःची वाक्यं ओळखणार नाही?"

बाई नवऱ्याकडे वळल्या. "तुम्हाला माहीत होतं? दोन रात्री मी तिचं मढं डोळ्यांसमोर बघत होते, आणि तुम्ही शेजारी पडून होतात?"

मास्तरांनी टेबलावरचा कागद सरळ केला. "पळवली म्हटलं तर लोक हळहळतात," ते म्हणाले. "बापाला सोडून गेली, हे कसं सांगायचं?"

भावोजींनी खिशातला रुमाल काढला आणि स्वतःचंच नाक पुसलं.

दादांनी नंबर लावून फोन बाईंच्या हातात दिला. पलीकडून मुलीचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू येण्याइतका स्पष्ट. "आई, बाबांनी त्याच दिवशी सांगितलं ना तुला? तू घाबरली नाहीस ना गं?"

बाईंनी डोळे मिटले. गालांवरून पाणी वाहत होतं, पण आवाज त्यांनी हलू दिला नाही.

"सांगितलं हो," त्या म्हणाल्या. "मी मजेत आहे. तू तुझा अभ्यास कर."

मास्तरांनी फोनसाठी हात पुढे केला. बाईंनी तो पाहिला आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.