संक्रांतीला सगळ्याच काळ्यात

विजयमाला आमच्या शेजारच्या खोलीत राहायला आली तेव्हा सगळ्या गल्लीने तिचं सामान उतरताना पाहिलं. एक ट्रंक, एक वळकटी, चित्रं ठेवायची मोठी फळी, आणि दुसऱ्या दिवशी दोरीवर वाळत पडल्या त्या साड्या. साड्या सगळ्या काळ्या. किनार तेवढी निराळी.

आम्ही नगरात दिल्ली दरवाज्याच्या आत छबूबाईंच्या घरात भाड्याने राहत होतो. पुढे लांब ओसरी, मागे दगडी अंगण, अंगणात कोरडा पडत चाललेला आड. ओसरीवर हेमूचा पाळणा टांगलेला असे. हेमू तेव्हा चार महिन्यांचा होता. त्याच्या आधीचं माझं एक बाळ महिन्याचं होऊन गेलं होतं, त्यामुळे हेमू शिंकला तरी मी हातातलं टाकून धावत असे. मी बी.एस्सी. झालेली, जंतू कशाने मरतात ते मला ठाऊक होतं. म्हणून दुपट्यांना इस्त्री, बाटलीला उकळतं पाणी, आणि पाळण्यावर सतत एक डोळा.

विजयमाला मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. डोळ्यांत रेघभर काजळ, बोटात चांदीची जाड अंगठी, आणि हसणं असं की आडावरचे पारवे उडून जावेत. रविवारी वह्या घेऊन सायकलवर फर्‍याबागेत, नाहीतर कॅम्पातल्या जुन्या इंग्रज कबरस्तानात चित्रं काढत बसायची. एवढं गल्लीला पुरेसं होतं. कोणी म्हणे नवरा गेलाय, सांगत नाही. कोणी म्हणे कबरीवरची माती आणते. आमच्या पलीकडच्या बिऱ्हाडातल्या प्रेमलावहिनी तर म्हणाल्या, “अहो, इतकं काळं नेसणारी बाई मनातून किती दुःखी असेल!” ते ऐकून दुःखी विजयमालेने त्यांना गरम भजी नेऊन दिली.

मी एकदा सरळच विचारलं, “तुम्ही नेहमी काळंच का हो नेसता?”

“दिवसभर पोरी माझ्या अंगावर रंग उडवतात. काळ्यावर सगळे मावतात,” ती म्हणाली. “शिवाय मला शोभतं. नाही शोभत?”

“शोभतं. पण लोक...”

“लोकांचं काय! दोनदा बघायला आले, दोन्हीदा मी काळं नेसले होते. तिसऱ्यांदा कोणी आलंच नाही. आईने हात टेकले. मी मात्र सुटले!” आणि पारवे उडाले.

ती मला आवडायची. पण तिने हेमूला घ्यायला हात पुढे केले, की मी काहीतरी निमित्त काढून त्याला आत न्यायची.

मार्गशीर्षात एका दुपारी छबूबाई माझ्या दारात आल्या. आवाज खाली घेतलेला. “नीलाबाई, ती काळी तुमच्या पाळन्यापाशी उभी हुती. वाकून बघत हुती पोराला. म्या माझ्या डोळ्यानं पाह्यलं.”

“कधी?”

“आत्ता, जेवनाच्या वक्ताला. हाक मारली तर वळून सुदिक बघितलं न्हाई.”

संध्याकाळी विजयमाला आल्यावर मी विचारलं. ती पायरीवर चप्पल काढता काढता थांबली. “मी? आज तर शाळेत तपासणी होती. घोटभर चहालासुद्धा उठता आलं नाही. दुसरी कोणी असेल.”

दुसरी कोणी! आमच्या गल्लीत दुसरं कोण काळं नेसत होतं? मी मान डोलावली आणि त्या दिवसापासून ती घरात असली की कान तिच्या दाराकडे ठेवू लागले.

पुढच्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात डाळ निवडत होते. ओसरीवर हेमू मोठ्याने हसला. एकटं मूल हसतं तसा नाही. समोर कोणी टाळ्या वाजवाव्यात तसा. खिडकीतून काळ्या पदराचं टोक सरकत गेलेलं मला स्पष्ट दिसलं. मी धावले. पाळण्याची दोरी लांब झोके घेत होती. नुकतीच वात विझवावी तसा वास होता. आमच्या ओसरीवर समई नव्हती.

मी विजयमालेचं दार गाठलं. दाराला कुलूप.

कुलूप लावून निघून जायला असा किती वेळ लागतो, असं मी स्वतःला समजावलं. हेच उत्तर मला बुद्धीला धरून वाटलं. रात्री यांना सांगितलं, तर वर्तमानपत्र खाली न ठेवता हे म्हणाले, “पोरगं हसलं ना? मग तक्रार काय आहे?”

संक्रांत आली. हेमूची पहिली. बोरन्हाण करायचं म्हणून मी काळ्या कापडाचं झबलं शिवलं, त्यावर पांढरी नक्षी टाकली. आदल्या दिवशी विजयमालेने दार वाजवलं. हातात हलव्याचा मुकुट. एकेक दाणा काळ्या पुठ्ठ्यावर इतका सुबक बसवलेला, की मला क्षणभर हात लावायचा धीर झाला नाही.

“हेमूराजांना,” ती म्हणाली. घ्यायला हात मात्र तिने पुढे केले नाहीत. ते माझ्या मनाला लागलं.

“उद्या संध्याकाळी हळदीकुंकवाला या,” मी म्हणाले. “आणि हेमूला तुम्हीच मांडीवर घ्यायचं.”

तिचा चेहरा उजळला. “नक्की? मग येते. जरा उशीर होईल, शाळेत तिळगूळ आहे. आणि माझी एक गंमत आहे, आत्ता नाही सांगत.”

दुसऱ्या दिवशी आमची पुढची खोली बायकांनी भरून गेली. सगळ्या काळ्यात. चंद्रकळा, काळी इरकल, काळं वायल. एरवी विजयमालेला नावं ठेवणाऱ्या आज नटूनथटून तिच्यासारख्याच झाल्या होत्या. छबूबाईंनीसुद्धा ट्रंकेच्या तळातली, लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीची काळी काढली होती. “बगा, म्या बी काळी झाले,” म्हणून त्या स्वतःच हसत होत्या. उखाण्यांचा गोंधळ, बांगड्यांचा किणकिणाट, कोपऱ्यात परातीत बोरं, उसाचे करवे, ओला हरभरा, चुरमुरे. हेमू मुकुट घालून या मांडीवरून त्या मांडीवर, आणि प्रत्येक मांडीवर भोकाड.

मी हळदीकुंकू लावत लावत कोपऱ्यात आले. तिथे गुंडाळलेल्या गाद्यांपाशी विजयमाला बसली होती. डोक्यावरून पदर. तिने पदर कधी घेतला नव्हता. हीच गंमत असेल, असं मला वाटलं.

“उशीर नाही केलात ते बरं झालं,” मी म्हणाले.

तिने कपाळ पुढे केलं. माठाला हात लागावा तसं गार. मी कुंकू लावलं. मग प्रेमलावहिनींच्या मांडीवर रडणाऱ्या हेमूला उचललं आणि तिच्या ओटीत ठेवलं. माझ्या हातांनी.

हेमू गप्प झाला. तिच्या पदरात तोंड खुपसून तो खुदकन हसला.

मला इतकं हलकं वाटलं! उगीच का भीत होते मी?

दारात मोठा हशा झाला.

“नीलाबाई, पाहा! आज तुम्ही सगळ्या काळ्या, म्हणून मी पिवळी!”

दारात विजयमाला उभी होती. हळदीसारखी पिवळी साडी, केसांत शेवंती, एका हातात चपला.

मी वळले.

कोपऱ्यात हेमू होता. एकटा.

त्याला अजून आधाराशिवाय बसता येत नव्हतं. तो ताठ बसला होता. पाठीमागे काही नव्हतं. गाद्या हातभर दूर होत्या. मान वर करून, दोन्ही हात उंच धरून तो हसत होता.

खोलीला दार एकच. त्यात पिवळी साडी.

“तुम्ही आत्ता इथे काळ्यात बसला होतात ना?” प्रेमलावहिनी म्हणाल्या. “मी तुम्हाला तिळगूळ दिला की.”

“बघा बाई! काळं नेसलं तरी मी भूत आणि पिवळं नेसलं तरी भूत!” विजयमाला म्हणाली. सगळ्या पोट धरून हसल्या. तिने हेमूला उचललं. तो रडला नाही. तिची शेवंती ओढून त्याने पाकळ्या तोंडात घातल्या.

मग बोरन्हाण झालं. त्याच्या डोक्यावरून बोरं आणि चुरमुरे पडले, गल्लीतली पोरं तुटून पडली, छबूबाई करवा चोखत बसल्या. मीही हसत होते. खरंच हसत होते. माझा मुलगा माझ्यासमोर होता.

रात्री हलव्याचे दागिने उतरवताना त्याच्या उजव्या कानामागे मला काजळाची तीट दिसली. वाटोळी, दाण्याएवढी. मी तीट लावत नसे. काजळाने डोळे येतात, असं माझं मत. पुसली, गेली. दोन दिवसांनी अंघोळीच्या वेळी पुन्हा होती.

“लावली असशील नि विसरली असशील,” हे म्हणाले.

विजयमालेला मात्र मी दाखवली. तिने हेमूचा कान हळूच दुमडला आणि बराच वेळ पाहिलं. ती हसली नाही.

“गोल किती नेमका आहे,” ती म्हणाली. “मला ब्रशनेसुद्धा असा जमत नाही.”

त्यानंतर मी पाळण्यावर डोळा ठेवणं सोडलं, असं नाही. पण विजयमालेवरचा काढला. हेमू तिच्याच खोलीत रांगायला शिकला. तिच्या काळ्या साड्यांवर त्याच्या दुधाचे डाग पडत, आणि ती म्हणे, “मावतात हो!” त्या वर्षी गल्लीत गोवर आला, खोकला आला. हेमूला काही झालं नाही. तीट अधूनमधून दिसे. मी पुसायचं सोडून दिलं.

परवा मला मुलगी झाली. भर दुपारी, दवाखान्यात. आतल्या खोलीत डॉक्टरीण बाई आणि पांढऱ्या कपड्यातली एक नर्स, एवढ्याच. नर्सने बाळ पुसलं, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलं आणि माझ्या कुशीत दिलं. मुलगी चांगली सात पौंडांची, गुटगुटीत, खणखणीत रडणारी. मला आनंदाने रडू आलं.

थोड्या वेळाने मी तिचा उजवा कान हळूच दुमडला.

तिटेला बोट लावलं. ओली होती.