रूबेनचा गरम हात

स्मृतिरोपण प्रयोगशाळेच्या सभागृहात त्या दुपारी बसायला जागा नव्हती. वाद होता एकच: पहिल्या ख्रिस्ती लोकांचा विश्वास हा येशूच्या पुनरुत्थानाचा पुरावा ठरतो का?

डॉ. एस्तेर भालेरावने सरळ विचारलं, "छळ सोसला, जीव गेले, तरी शब्द फिरवला नाही. खोट्यासाठी कोण मरतं?"

"खोटं बोलले असं म्हणतंय कोण?" डॉ. निनाद चौबळ म्हणाला. बारा वर्षांपासूनचा सहकारी, तिच्या घरचाच माणूस. "त्यांना खरंच तसं आठवत असेल. डोळ्यांनी पाहिलेलं आणि बाहेरून रोपलेलं, मेंदू दोन्ही सारखंच साठवतो. आठवणाऱ्याला फरक कळत नाही. आपलं स्मृतिरोपक यंत्र चालतं ते त्यावरच."

"तेव्हा यंत्र कुठं होतं रे?"

"दुःख होतं. तेवढं पुरतं." त्याने वही उघडली. "तुझा रूबेन गेला. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. तू हात धरलास, हात गरम होता. बरोबर?"

हे एस्तेरने एकट्या निनादला सांगितलं होतं. नवरा गेल्यापासून ती त्या गरम हातावरच जगत होती.

"ती आठवण मी रोपली. यंत्राच्या चाचणीत. पण तिच्यासाठी तू मेली असतीस की नाही?"

मागे कुणीतरी हसलं.

"मेले असते," ती म्हणाली. "आणि तू, नालायका, माझ्या घरी जेवून माझं सांत्वन करत होतास."

त्याने वही मिटली.

"तू रोपलीस हे तुला कशावरून माहीत?" तिने विचारलं.

"आठवतंय की. चाचणी संपल्यावर वहीत लिहिलं."

"चाचणीत आधी कोण बसलं? दुसऱ्याला यंत्राच्या खुर्चीत बसवण्याआधी स्वतः बसायचं, हा नियम आपलाच. तू बसलास. यंत्र माझ्या हातात होतं."

निनादचा चेहरा उतरला. "तू काय रोपलंस?"

"सांगितलं तरी तुला खरं कशावरून वाटणार?"

ती बाहेर पडली. तिने काहीच रोपलं नव्हतं. फुकट घाबरवलं होतं मेल्याला, आणि त्याचं तिला बरं वाटत होतं. जिन्याच्या चौथ्या पायरीवर ती थांबली.

काहीच रोपलं नव्हतं, हे तरी तिला आठवतच होतं. आणि निनादनंतर त्या खुर्चीत तीच बसली होती.