दोन सह्यांची पिशवी

"हा डबा कुणाचा?"

नव्या नोकरीचा पहिला दिवस आणि कानावर पडलेलं पहिलं वाक्य हे! एप्रनची गाठ मारता मारता तिने वळून पाहिलं. एक उंच, चष्मेवाला तरुण तिचा जेवणाचा डबा दोन बोटांत धरून उभा होता. मेलेला उंदीर उचलावा तसा.

"माझा. का?"

"लसींच्या फ्रीजमध्ये होता."

"कोपऱ्यात जागा होती म्हणून ठेवला... तुमच्या लसींना धक्कासुद्धा लागला नाही हो!"

"दार उघडलं की आत ऊब शिरते. आणि जेवायच्या वेळी तुम्ही ते पुन्हा उघडणार." त्याने डबा तिच्या हातावर ठेवला. वर हसला. हसू छान होतं, म्हणून तर ते जास्तच डोक्यात गेलं.

तिने मनातल्या मनात त्याचं बारसं उरकलं — दर्जाराव!

औषधांचं दुकान चिमुकलं, पण शिस्त मोठ्या इस्पितळाची. एकाने चिठ्ठी वाचून औषध काढायचं, दुसऱ्याने ते चिठ्ठीशी ताडून बघायचं, मग पिशवीवर दोघांच्या सह्या. तपासताना चकार शब्द बोलायचा नाही. मालकीणबाईंनी बजावलंच होतं, "हे बघ बाई, चुकीची एक पिशवी दाराबाहेर गेली की सही करणाऱ्याची नोकरी गेली. मग तो कुणी का असेना." आणि ही नोकरी तर तिने घरच्यांशी भांडून धरली होती.

पण तपासायला समोर कोण, तर दर्जाराव! दिवसातून किती वेळा घ्यायचं ते लिहायला विसरली — परत. गोळ्या कापून देताना मुदतीची तारीखच कात्रीत गेली — परत. लेबल तिरकं — तेही परत!

"अहो, लेबल आहे ते. भिंतीवरची तसबीर नाही!"

"तिरकं लावलं की तारीख झाकली जाते, मॅडम."

बघितलं तर खरंच झाकली गेलेली. अस्सा जळफळाट झाला तिचा! घरी जाऊन आईला म्हणाली, "एक दिवस मी त्या माणसाच्या तोंडावरच लेबल चिकटवणार आहे."

"सरळ चिकटव," आई म्हणाली.

दिवस जात राहिले. चष्म्यावरून तिरपं बघणाऱ्या त्याच्या डोळ्यांचा आता तिला रागच येईनासा झाला. एकदा तर त्याचीच चूक तिने पकडली आणि "परत!" असं काही ठणकावलं की रांगेतले आजोबासुद्धा हसले. तो कानापर्यंत लाल झाला... पण खूशही दिसला. पुढे पुढे तिच्या पिशव्या परत येणंच थांबलं. हात बसला आपला, असं तिला वाटलं.

मग ती दुपार आली. बाहेर रणरणतं ऊन, आत गर्दी. एका तरुण आईच्या खांद्यावर तापाने मलूल झालेलं बाळ. चिठ्ठीत तापाचं सिरप लिहिलेलं. तिने सिरपचा खोका काढून काउंटरवर ठेवला. लेबल तयार केलं, आणि —

"केसांत आज नवीन काय आहे?"

"क्लिप आहे. आणि कामात बोलायचं नसतं."

"मी अजून तपासायला कुठे लागलोय?"

तिला हसू फुटलं. हसता हसता तिने खोका उचलला, लेबल लावलं, त्याच्यापुढे सरकवला. दोन सह्या झाल्या. पिशवी आणि बाळ घेऊन आई निघून गेली.

तिची नजर काउंटरवर गेली. सिरपचा खोका तिथेच होता.

"मग... पिशवीत काय गेलं?"

काउंटरला लागूनच्याच फळीवर, तशाच नारिंगी खोक्यात, तेच औषध थेंबांच्या बाटलीत होतं. सिरपच्या चौपट तीव्र! हसण्याच्या नादात तिने तोच खोका उचलला होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. दोघंही एप्रनसकट रस्त्यावर धावले.

बाळाची आई कोपऱ्यावरच्या बाकावर सापडली. बाळ मांडीवर, बाटलीचं बूच अर्धं फिरवलेलं.

"थांबा! देऊ नका ते!"

काय झालं ते कळल्यावर ती माउली गप्प बसली नाही. कशाला बसेल? "दोन-दोन सह्या आहेत हो या पिशवीवर! दोघांपैकी एकाने तरी डोळे उघडायचे होते!"

बरोबर बाटली देऊन, तिची पुनःपुन्हा माफी मागून दोघं मालकीणबाईंपुढे उभे राहिले. सगळं आपणहून सांगितलं.

"औषध मी काढलं," ती म्हणाली.

"सही माझी होती. जायचं तर मी जातो." तो थांबला. "आणि ठेवणार असाल तर मला दुसरी पाळी द्या. यांचं काम मी तपासू शकत नाही."

तिचे डोळे भरून आले. "इतकी वाईट आहे मी?"

"तसं नाही... मी खोका बघतच नाही हल्ली. तुम्हाला बघतो... आणि सही करतो."

मालकीणबाईंनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! हे तुम्ही त्या बाळाच्या आधी नाही का सांगायचं?" येरझाऱ्या घालून झाल्यावर त्यांनी निकाल दिला. "लपवलं असतंत तर दोघांनाही हाकललं असतं. ती थेंबांची फळी आत्ताच्या आत्ता त्या टोकाला हलवा. आणि उद्यापासून ही सकाळी, तू संध्याकाळी. एका काउंटरवर पुन्हा दिसू नका मला!"

म्हणजे मनातलं कळलं आणि त्याच दिवशी माणूस नजरेआड झाला! खोके हलवताना ती धुमसत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "काय हो, माझ्यात एकही चूक दिसत नाही तुम्हाला?"

"एकही नाही."

"मग रविवारी तुमच्या आईंना घेऊन या आमच्याकडे," ती खोका फळीवर आपटत म्हणाली. "तुमच्या नजरेवर माझा काडीचा भरवसा नाही. त्या तरी मला नीट बघून घेतील!"