आठवी घंटा

"आधी दोर हलतो, पोरी, मग घंटा बोलते. उलटं कधी होत नाही."

बाबांचा तो आवाज रोझलिंडच्या कानात चाळीस वर्षं मुरला होता. आज कॅथीड्रलच्या मनोऱ्याचा गोल जिना चढताना तो पायरीपायरीला भेटत होता. दोनशे बारा पायऱ्या. पण साठीची रोझलिंड पोरीसारखी पळत सुटली होती. गावच्या घंटावाल्यांची ही वर्षाची सहल, आणि यंदा खुद्द कॅथीड्रलनं घंटा वाजवायला बोलावलेलं!

"हळू गं, आजीबाई! घंटा काही पळून जात नाहीत!" खालून त्यांचा म्होरक्या डेनिस धापा टाकत ओरडला.

"तू आधी केकचा डबा खाली ठेव, मग पोचशील!"

वरच्या खोलीत दुपारचं ऊन आडवं पडलं होतं. छताच्या भोकांतून आठ दोर उतरलेले, प्रत्येकाला लोकरीची जाड लाल-निळी मूठ. माणसं मात्र सातच. आठव्या गड्याची, गॅरेथची, गाडी वाटेत बंद पडली होती.

"थोरली घंटा राहू दे," डेनिस म्हणाला. आठव्या घंटेचा दोर गुंडाळून खुंटीला टांगलेला होता. "आपल्याकडे थोरली वाजवायचा तो रोझचा बाप, विल्फ्रेड. पण विल्फ्रेडचा ठोका म्हणजे चहा निवल्यावर आलेला पाहुणा! म्हणूनच कॅथीड्रलनं त्याला कधी बोलावलं नाही बिचाऱ्याला."

सगळे हसले. रोझलिंडही हसली, ओठांपुरती. बाबाही मरेपर्यंत तेच मानत होते.

सात दोर हलले. मनोरा अंगभर शहारला. सूर तळपायांतून वर चढले. पहिली दुसरीच्या मागे, दुसरी तिसरीच्या पुढे, वेणी घालावी तसा क्रम गुंफत, उलगडत गेला. रोझलिंडचं काळीज पाखरासारखं उडत होतं.

"वा रे माझ्या वाघांनो!" डेनिस ओरडला.

तेवढ्यात सातव्या ठोक्यामागे आठवा पडला.

खोल. जड. केसभर उशिरा.

कुणी हात सोडला नाही. चालत्या घंटेचा दोर सोडता येत नाही. नजरा तेवढ्या खुंटीकडे वळल्या. फेऱ्यामागून फेरा, शेवटचा ठोका तोच. उशिराच.

"थांबा!" डेनिसचा आवाज फाटला. "सगळ्या थांबवा!"

सात घंटा थांबल्या.

आठवी वाजत राहिली.

"वर कोणी आहे का?" कुणीतरी पुटपुटलं.

"घंटांच्या माळ्याची किल्ली माझ्या खिशात आहे," डेनिस म्हणाला.

खुंटीवरचा दोर हलत नव्हता. रोझलिंड जवळ गेली. तिनं लोकरीची मूठ धरली.

ती उबदार होती. घामानं ओली.

डोक्यावर ठोका पडला. रोझलिंडनं मूठ न सोडता मान वर केली.

"बाबा," रोझलिंड म्हणाली, "कॅथीड्रलचा फोन आला होता. शनिवारी थोरली वाजवायला तुम्हालाच बोलावलं होतं. पण त्या शनिवारी मला नाचाला जायचं होतं, आणि तुम्ही गेला असता तर आजारी आईपाशी मला थांबावं लागलं असतं... मी तुम्हाला सांगितलंच नाही."