नदीचं पान

मेहकर डेपोच्या कंडक्टर पुष्पांजलीबाईंना माणसाचं आधी डोकं दिसायचं, मग तोंड. एकोणीस वर्षं गाडीतली डोकी मोजलेली बाई, दुसरं काय होणार? नणंदेच्या लग्नात अक्षता टाकता टाकता त्यांनी अख्खा मांडव मोजला होता.

ड्रायव्हर फकीर मोहम्मद अकरा वर्षं त्यांच्याच गाडीवर. बाईंची घंटी वेगळी, असं तो सांगायचा. थांबायला एक, निघायला दोन, हे सगळ्यांचंच. पण बाई त्या दोन घंट्यांच्या मधे अर्धा श्वास घेत. "हजारात ओळखीन मी ती घंटी," तो म्हणायचा.

जानेवारीत डेपोतल्या मंडळींनी मिनीबस करून सहल काढली. संग्रामपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला, वान नदीकाठचं वनउद्यान. तंबूत एक रात्र, सकाळी डोंगर, दुपारी रोडगे, चारला परत. चारच्या पुढे एक मिनिट नाही, ही बाईंची अट. घरी सासू, गोजरबाई, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली. डोळ्यांत औषध घालायचं तर सुनेनंच. दुसरा हात जवळ आला की म्हातारी डोळे गच्च मिटायची. एका रात्रीची सूट तिनं दिली होती, दुसरीची नाही.

पोचले तेव्हा राखणदार उकंडराव फाटकातच उभा.

"किती जण हायेत?"

बाईंनी दारात उभं राहून बोट फिरवलं. गाडी चालवणाऱ्या फकीरभाईलाही आज पाहुण्यांतच धरलं. "बारा."

"पक्कं सांगा ताई. उद्याची पानं मी तितकीच लावतो. अन् एक नदीचं."

"एकोणीस वर्षांत माह्यं एक डोकं चुकलं नाही," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गोवऱ्यांच्या धगीत रोडगे फुगले, वांग्याच्या भाजीला तर्री आली. उकंडरावानं पळसाची तेरा पानं मांडली. बारा समोरासमोर, तेरावं टोकाला, पाण्याकडे तोंड करून. सगळे बसले. बाई उभ्याच राहिल्या.

मेकॅनिक भागवतला हसू आवरेना. "बाईनं सोताले सोडून मोजलं. अहो, कंडक्टर कधी डोक्यांत धरतेत काय?"

"या, माह्या पानात बसा," फकीरभाईची बायको राबिया सरकली.

"दुसऱ्याच्या पानात मी काऊन जेवू, भाभी? हे रिकामं हाय ना."

उकंडरावानं हातातली पळी खाली ठेवली. "ते नदीचं हाय, ताई. वाढायचं, अन् मागून पाण्यात सोडायचं. त्याच्यावर कोणी बसत नाही."

"नदीले भूक लागली असन तर उठून येईन ते. मी काही उठत नाही." आणि बाईंनी मांडी घातली.

"ते पान मोजलेलं हाय."

"मंग मीबी मोजलेलीच हाय."

"नाही," उकंडराव हळूच म्हणाला. "तुम्हाले कोणी मोजलंच नाही."

राबिया वाढायला उठली. तेराव्या पानावर तिनं वाढलं, पण मान वर केली नाही. मग वरण फिरलं, तूप फिरलं. "अजून घ्या" असं सगळ्यांना म्हणणारी राबिया टोकाला आली की गप्प व्हायची. रुसली असेल, बाईंना वाटलं. त्यांनी रोडगा फोडला. आत्ताच निखाऱ्यातून काढलेला, पण आत गार. वरणालाही ओल्या वाळूचा वास. तरी बाई हट्टानं जेवल्या, पान चाटूनपुसून.

हात धुऊन वर आल्या तर उकंडराव टोकाचं पान दोन्ही हातांत धरून पाण्याकडे निघालेला. पानावर अख्खा रोडगा. वरणाला बोटसुद्धा लागलेलं नव्हतं.

"ओ भाऊ, मी जेवले ना ह्या पानावर?"

त्यानं पान पाण्यात सोडलं, नमस्कार केला आणि बाईंच्या अंगावरून गेल्यासारखा निघून गेला.

बाईंनी पदर खोचला. हे सगळं भागवतचं काम. डेपोतले टवाळ, ठरवून करून राह्यले. करू दे. उद्या एकेकाला बघते.

पावणेचारला तंबूतलं सामान गाडीत चढलं. बाईंची निळी पिशवीही कोणीतरी आणून ठेवली. राबिया दारात उभी राहून बोट फिरवत होती.

"दहा, अकरा, आणि मी. बारा. झाले सगळे."

"भाभी, मस्करी पुरे," बाई दारापाशी म्हणाल्या.

दार लागलं.

काचेतून भागवत दिसला. हसत नव्हता. शेंगा सोलत होता.

गाडी हलली. बाईंनी धावत जाऊन पत्र्यावर तळहात हाणला. एकदा. थांब.

गाडी कच्चकन थांबली. फकीरभाईचा पाय आपोआप गेला होता. त्यानं आरशात पाहिलं. थेट बाईंकडे.

"कोणं ठोकलं?"

"कोणीच नाही, भाई. सवय तुमची," मागून भागवत म्हणाला.

तो आरशात पाहतच राहिला. त्याच्या कपाळाला आठी पडली.

बाईंनी दुसऱ्यांदा हात उचलला.

तेवढ्यात आतून आवाज आला. ठक.

अर्धा श्वास.

ठक.

फकीरभाईची आठी मोडली. त्यानं गिअर टाकला.

धूळ खाली बसेपर्यंत बाई उभ्या होत्या. मग त्यांनी चपलेतला खडा झटकला. गोजरबाईंच्या डोळ्यांजवळ आज कोणाचा हात जाणार, आणि म्हातारी डोळे मिटेल की नाही, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात होता. सडक दिसत होती, पाय शाबूत होते. नदीनं काय हिशोब धरायचा तो धरावा. ह्या बाईचा हिशोब ही बाई करणार.

त्यांनी बोट उचललं. आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या छातीकडे वळवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"एक."

मागे पाण्याकडून कोणीतरी हळूच म्हटलं, "दोन."